सजिताचा हात

माझं नाव विलासिनी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. उभा जन्म केरळातल्या या इरिंजालकुड्यात बायकांची ब्लाउजं बेतण्यात गेला, विलास म्हणाल तर दुपारचा चहा, तोही स्वतःच्या हातचा. सजिता माझी शेजारीण. आमच्या दोन घरांत एक जास्वंदीचं कुंपण आहे, म्हणजे असून नसल्यासारखंच. त्या घरात काय चाललंय ते मला आपोआप कळतं, आणि नाही कळलं तर मी सरळ विचारते.

सजिता कोचीच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायची. काम काय, तर फोनच्या पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं, ते दाबल्यावर पुढे काय दिसावं, कुठले शब्द यावेत, हे ठरवायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "अगबाई, याला पगार देतात?" ती म्हणाली, "चेची, काज कुठे आणि बटण कुठे हे तुम्हीही ठरवताच की." चेची म्हणजे ताई, पण पोरीची जीभ अशी. माझ्याशी बरोबरीनं बोलणारी या गल्लीत ती एकटीच, म्हणून मला आवडायची.

तिचा नवरा बैजू मस्कतला. वर्षातून एकदा येतो, महिनाभर झोपतो आणि परत जातो. घरात ही आणि हिची सासू, कार्त्यायनी अम्मा. आता अम्मांचं काय सांगू! त्या बाईच्या हाताला असा गुण, की शेवग्याची वाळकी काठी कुंपणाला टेकवून ठेवली तरी फुटायची. गल्लीत कुणीही नवा वाफा केला की पहिलं बी टाकायला अम्मांना बोलावणं. मी मात्र कधी बोलावलं नाही, कारण मी वाफाच कधी केला नाही.

सजिताची दोन बाळं गेली. पहिलं पोटातच, सातव्या महिन्यात. दुसरं जन्मलं, पण रडलं नाही. त्या वेळी अम्मांनी तिला कसं सांभाळलं ते मी पाहिलंय. मऊ पेज करून चमच्यानं भरवायच्या, केसांना तेल लावायच्या, रात्री तिच्या खोलीत चटई टाकून झोपायच्या. माझ्या आईनं मला इतकं केलं नव्हतं. तेव्हा त्यांना वाईट म्हणाल तर माझ्याशी गाठ आहे.

दुसऱ्या बाळानंतर थोडी उठू-बसू लागल्यावर सजितानं मागच्या अंगणात काकडीचे वेल लावले. विषूच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या, पहाटे डोळे उघडल्याबरोबर जे ताट बघायचं, त्यातली पिवळीधमक काकडी यंदा घरची असावी म्हणून. वेल चढले, फुलले, आणि मग एकाएकी सगळे माना टाकून बसले. कुणाचेही मरतात. पण नेमकी त्याच वेळी बैजूची आत्या आली होती. तिनं एकदा वेलांकडे बघितलं, एकदा सजिताकडे बघितलं आणि म्हणाली, "काहींच्या हाताला नसतंच गं."

एवढंच. पुढे चहा पिऊन गेली मेली.

दुसऱ्या दिवशी अम्मांनी ते वेल स्वतः उपटून टाकले, आणि त्या दिवसापासून सजिताला त्यांनी बी पेरू दिलं नाही. पाणी घाल, शेंगा तोड, सगळं कर, पण पेरायचं नाही. रागानं नाही हो, अगदी मायेनं. "नको मोळे, तू बस, मी टाकते," असं म्हणायच्या. मोळे म्हणजे लेक, आणि तशीच हाक असायची ती. मला एकदा कुंपणापाशी म्हणाल्या, "पुन्हा काही जळून गेलं तर ती कोसळेल गं विलासिनी. तिला कशाला त्यात घालायचं?" मला ते पटलंही होतं.

सुरणाचं तर आमच्याकडे मोठंच प्रस्थ. कुंभ महिन्याच्या, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावरच्या, पौर्णिमेला सुरण लावायचा. अम्मांच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून खड्ड्यात वाकून सुरण ठेवायला समोरची ओमना यायची. ओमनाला चार पोरं, त्यातलं एकही धड नाही, पण हात चांगला असं सगळे म्हणायचे. सजिता तेवढा वेळ ओसरीवर उभी राहायची.

एकदा मी तिच्या दंडाचं माप घेत होते. अचानक म्हणाली, "चेची, मला फार काही नको. अम्मांनी एकदा म्हणावं, मोळे, यंदा सुरण तू लाव. बस."

"मग विचार की त्यांना."

"विचारून मिळालं तर त्यात काय?"

मी टेप पुन्हा तिच्या दंडाला लावली, माप आधीच घेऊन झालं होतं तरी.

आणि मग कंपनीनं तिच्या हातात नेमकं हेच काम दिलं. ट्रकमधून येणाऱ्या औषध फवारलेल्या भाज्यांची लोकांना धास्ती बसलेली, ज्याला त्याला घरी काहीतरी पिकवायचंय, पण येत कुणालाच नाही. अशा नवशिक्यांसाठी ॲप करायचं. त्याला नाव इंग्रजी दिलंय, माझ्या जिभेला ते वळत नाही. सजिता माझ्याकडे आली.

"चेची, मला अगदी काहीही न येणारं माणूस हवंय."

"आणि तुला मी आठवले?"

"तुमच्या गच्चीवर निवडुंग मेला होता, चेची."

मिरचीच्या रोपांच्या चार पिशव्या माझ्या गच्चीवर आल्या आणि फोनमध्ये ते ॲप. पहिलाच प्रश्न, तुमच्या गच्चीवर किती तास ऊन येतं? मी ओरडले, "मी काय सूर्याची मुकादम आहे? मला काय माहीत!" दुसऱ्या दिवशी तो प्रश्न गायब. त्या जागी, तुम्ही धुणं कुठे वाळत घालता? हे मला येत होतं. तिचं काम असंच चालायचं. मी चिडायची आणि ती माझ्या चिडण्यातून शब्द काढायची. माझे डोळे अधू, म्हणून तिनं सगळं बोलून दाखवायची सोय केली, स्वतःच्या आवाजात. गच्चीवर मी एकटी असायची आणि फोनमधून सजिता सांगायची, "बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओलं लागलं तर आज पाणी नको." मी तरी घालायचीच. तहान लागली असेल बिचाऱ्यांना, असं वाटायचं.

मिरच्या मेल्या. आधी एक, मग बाकीच्या.

ॲप मात्र रोज सकाळी विचारायचं, मिरची कशी आहे? उत्तराला बटणं दोनच. एक 'छान आहे', दुसरं 'मदत हवी'. मी फोन घेऊन तरातरा तिच्याकडे गेले. "अगं, मेलेल्याला काय मदत देणार आहेस तू? मेली म्हणून सांगायला जागाच नाही तुझ्यात! रोज उठून मेलेल्या पोरीची खुशाली विचारल्यासारखं..."

बोलून गेले आणि जीभ चावली. सजिता हळूच म्हणाली, "खरंच की चेची. जागाच ठेवली नाही मी."

तिनं तिसरं बटण केलं. 'रोप गेलं.' ते दाबल्यावर काय यावं, यासाठी किती दिवस खपली! आधी लिहिलं, काय चुकलं ते पाहू या. मी म्हटलं, "म्हणजे चूक माझीच, आधीच ठरवलंस?" मग लिहिलं, निराश होऊ नका. मी म्हटलं, "हे तर मला डॉक्टरही सांगतो, फी घेऊन." शेवटी एके दिवशी तिनं फोन माझ्या कानाला लावला. तिचाच आवाज, पण इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता: "रोप गेलं. वाईट वाटतं. असं सगळ्यांचं होतं. तुमच्या हाताचा दोष नाही." आणि त्यानंतर मग पाणी जास्त झालं का, कीड होती का, पुन्हा सोपं म्हणून लाल माठ लावून बघा, असं सगळं.

"हे असंच राहू दे," मी म्हटलं.

कंपनीचा मालक जोबी, पोरगेलासा. तो म्हणाला, "मॅडम, लोक हिरवं बघायला येतात, सुतक पाळायला नाही. हे काढा. त्यापेक्षा नवीन रोपं विकत घ्यायचं बटण टाका." सजिता बसनं कोचीला गेली. एरवी साध्या डाळीच्या भावावरून घासाघीस न करणारी बाई, तिथं दिवसभर ठाण मांडून बसली. रंग बदला, चित्रं बदला, सगळं तुमच्या मनासारखं करा, पण हे एक वाक्य ठेवा. त्यानं विचारलं, "एवढं काय आहे त्यात?" ती म्हणाली, "ज्याला हवंय त्यालाच ते कळेल." त्यालाही आई असणार. शेवटी कंटाळून म्हणाला, "ठेवा बाई."

ॲप लोकांत गेलं आणि चाललं. देवळात ओळख नसलेल्या बायका सजिताचा आवाज ऐकून मागे वळायच्या, "तूच ना ती फोनमधली?" एक म्हातारी तर तिचा हात धरून रडली, तिच्या वांग्यांसाठी की आणखी कशासाठी कुणास ठाऊक. सजिता हसायची. त्या दिवसांत ती खरंच हसायची, आणि मला वाटलं, सुटली पोरगी.

ओमनानंही ते फोनवर घेतलं होतं. तिची कारली गेली तेव्हा तिनं बटण दाबलं आणि फोन अम्मांना ऐकवला. अम्मांनी ऐकलं. "पुन्हा लाव," म्हणाल्या. पुन्हा ऐकलं. मग लंगडत लंगडत कुंपणापाशी आल्या.

"विलासिनी, हे तिनं कुणासाठी लिहिलं गं?"

"तुम्हाला माहीत नाही होय, अम्मा?"

त्यांनी जास्वंदीची दोन वाळकी पानं खुडली आणि गेल्या.

यंदाची कुंभातली पौर्णिमा आली. उन्हं उतरल्यावर ओमना सवयीनं हजर झाली. खड्डा तयार होता, तळाला पालापाचोळा, वर राख आणि शेण. सुरणाचे तुकडे शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवून ठेवलेले. ओमना पदर खोचून वाकणार, तेवढ्यात अम्मा म्हणाल्या, "थांब ओमना." आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "मोळे! बाहेर ये. यंदा सुरण तू लाव."

मी कुंपणाशी होते. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. वाटलं, टाळ्या पिटाव्यात.

सजिता आली. अम्मांकडे बघितलं. मग खड्ड्यापाशी उकिडवी बसली, मधल्या कोंबाचा मोठा तुकडा दोन्ही हातांत घेतला, एखादं तान्हं घ्यावं तसा. हात खाली नेले. आणि तिथंच राहिले ते हात.

"ठेव ना," अम्मा म्हणाल्या. "डोळा वर करून ठेव."

"अम्मा, ओमनाचेचीलाच लावू द्या."

"का गं? मी सांगतेय ना!"

"नाही उगवला तर?"

"नाही तर नाही! पुढच्या वर्षी पुन्हा लावू. तूच तर सगळ्यांना सांगतेस."

"ते खरंच आहे, अम्मा. लोकांच्या बाबतीत खरंच आहे." तिचा आवाज अगदी साधा होता, जसं मीठ संपलंय सांगावं. "माझ्या हाताला गुण नाही, हे आजवर कुणीतरी म्हणालं म्हणून होतं. लोकांचं बोलणं म्हणून सोडून देता यायचं. पण आज मी लावला आणि नाही आला, तर मग ते माझं मलाच कळेल. मग मी कुणाला काय सांगू?"

मला राहवलं नाही. कुंपणातून ओरबाडत आत शिरले. "अगं मूर्ख! साऱ्या मुलखाला शहाणं करतेस आणि स्वतः... ठेव तो तुकडा खाली, नाहीतर एक देईन!"

ती माझ्याकडे बघून हसली. त्यापेक्षा रडली असती तर बरं झालं असतं. तिनं तुकडा ओमनाच्या ओंजळीत दिला, नळावर जाऊन हात धुतले, खसाखसा, कोपरापर्यंत, आणि आत गेली. ओमनानं सुरण लावला. लावताना ती नाक ओढत होती आणि माती चेपायची ती जरा जास्तच चेपली.

अम्मा खड्ड्याच्या कडेला बसल्या. गुडघे दुखतात म्हणून खुर्चीशिवाय न बसणारी बाई, फतकल मारून मातीत. मीही बसले. आतून भांड्यांचा आवाज येत होता, सजिता चहा टाकत असावी.

"विलासिनी," त्या म्हणाल्या, "मी तिला जपत होते ना गं?"

मी आयुष्यभर सगळ्यांना तोंडावर उत्तरं दिली. अम्मांच्या हाताला लागलेली माती मी माझ्या पदरानं पुसत राहिले.

"हो, अम्मा," मी म्हटलं. "जपतच होतात."

आणि ते खरंच होतं.