दिवसा रिकामं होणारं गाव

आमचं गाव मोर्णा नदीच्या काठी, अकोल्यापासून दीड कोसावर. आम्ही माळी. नदीलगत आमचा मळा होता. वांगी, कांदे, मेथी, कडेला झेंडू. मोटेचं पाणी द्यायचं आणि आठवड्याच्या बाजाराला माल न्यायचा, एवढंच आमचं शहराशी नातं. गाव लहान होतं. कोणाची गाय व्याली, कोणाची सून रुसून माहेरी गेली, हे दुपारपर्यंत सगळ्यांना ठाऊक व्हायचं.

मग अमेरिकेत कुठेतरी लढाई जुंपली आणि विलायतेला तिकडचा कापूस मिळेनासा झाला, असं बाजारात बोलू लागले. अमेरिका कुठे आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पण वर्षा-दोन वर्षांत आमचं गाव ओळखू येईना. अकोल्याच्या कापूसबाजारात मिळतील तितकी माणसं कमीच पडत होती. खानदेशातून, निजामाच्या मोगलाईतून लोक यायचे. शहरात राहायला जागा नाही, म्हणून ते आमच्या नदीकाठच्या पडीत जमिनीवर पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, कूड उभे करून, वर गवत टाकून राहायचे. तांबडं फुटलं की अकोल्याच्या वाटेवर रांग लागायची. गडी बोजे उचलायला, बायका रेच्याचे लाकडी रूळ फिरवून कापसातली सरकी काढायला. दिवस मावळता रांग परत यायची, केसांत, भुवयांत कापसाचे तंतू घेऊन.

पहिल्यांदा आमची आणि त्यांची घाटावरून भांडणं झाली. पण त्यांच्यातला एक कोष्टी मृदंग वाजवायचा. त्याला शनिवारी मारुतीच्या पारावर भजनाला बोलावलं आणि हळूहळू भांडणं विरली. त्याचा माग बंद पडला होता. सूत इतकं महागलं की लुगडं विणून परवडेना. ज्या कापसाने त्याचा धंदा बुडवला, त्याचेच बोजे तो आता पाठीवर वाहत होता. झोपडीत मागे त्याची बायको आणि आई. आईचे गुडघे आखडलेले. तिला उचलून दारात बसवावं लागे आणि उचलूनच आत न्यावं लागे.

त्या वर्षी फाल्गुनात माझ्या पायावरून गाडीचं चाक गेलं. नडगी मोडली. हाड बसवणाऱ्याने बांबूच्या कामट्या बांधून दिल्या आणि म्हणाला, दोन महिने जमिनीला पाय लावू नको. माझ्या थोरल्या भावाने तोवर मोटेचे बैल गाडीला जुंपून कापसाची भाडी मारायला सुरुवात केली होती.

"मळा वाळून राहिला, दादा," मी म्हणालो.

"वाळू दे. भाजीले कोन इचारते आता? पाय बरा होऊ दे तुया, मग पाहू."

माझी बायकोही रेच्यावर जायला लागली. सकाळी ती मला घरासमोरच्या कडुनिंबाखाली बाजेवर बसवायची, उशाशी भाकरी आणि पाण्याचा लोटा ठेवायची आणि जायची. मग गावात उरायचे म्हातारे, पोरं, एखादी दिवस भरलेली बाई. असं माझं गाव मी कधी पाहिलं नव्हतं. दुपारी जात्याचा आवाज नाही, कोणी कोणाला हाक मारत नाही.

त्या कोष्ट्याची झोपडी माझ्या समोरच, शे-सव्वाशे पावलांवर होती. म्हातारी दारात, मी झाडाखाली. दोघंही जागचे न हलणारे. पहिले दोन दिवस आम्ही नुसतं एकमेकांकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी तीच ओरडून म्हणाली, "बापू, जेवला का रे?"

तिथून आमचं बोलणं सुरू झालं. ओरडूनच बोलावं लागे. ती मला लुगड्यांचे काठ सांगायची. कोणत्या काठाला किती दिवस लागतात, डाळिंबी रंग उन्हात कसा दिसतो. मी तिला वांग्यावरची कीड सांगायचो. एकदा तिने विचारलं, "तुले कटाळा नाई येत बापू, झाडाखाली?"

"येते. तुमाले?"

"मले सून उचलते तवा लाज वाटते. कटाळा नाई."

चैत्र लागला. वारा सुटायचा, नदीकडे धूळ उडायची. त्या दिवशी ऊन वाढलं तशी सुनेने म्हातारीला आत नेऊन निजवलं आणि ती धुणं घेऊन नदीवर गेली. मला डुलकी लागली होती. जाग आली ती धुराच्या वासाने. झोपड्यांच्या रांगेत पलीकडच्या टोकाला कोणाच्या तरी चुलीतला विस्तव वाऱ्याने उडाला होता. एका छपरावरून दुसऱ्यावर जाळ उडी मारावी तसा येत होता. लोकांनी झोपड्यांत सरकी काढायला आणलेला कापूस साठवला होता. तो पेटला की एकदम भडका व्हायचा.

मी जिवाच्या आकांताने ओरडलो. तीन म्हातारे आणि दोन बायका घागरी घेऊन धावल्या. चार घागरी पाणी त्या आगीवर म्हणजे काय? आमच्या मळ्यातली विहीर भरलेली होती, मोट विहिरीच्या काठावर, थारोळ्यात पडलेली होती. पण मोट ओढायला गावात एकही बैल नव्हता. सगळे अकोल्याच्या वाटेवर, कापसाच्या गाड्यांना.

तेवढ्यात मला हाक ऐकू आली. "बापू! बापू रे!"

मी बाजेवरून खाली पडलो आणि कोपरांवर सरपटत निघालो. "आलो माय, आलो," म्हणत होतो. कामट्या दगडांना अडकत होत्या. पाय कुठे आहे हेही कळत नव्हतं, इतकी कळ येत होती. वाटेत मी एका म्हाताऱ्याला ओरडून सांगितलं, म्हातारी आत आहे. तो झोपडीकडे गेला, पण शेजारच्या झोपडीचा जाळ दाराकडेच झेपावत होता; दोनदा दाराशी जाऊन मागे हटला. त्याचे हात भाजले. मी दारापासून दहा पावलांवर असेन, तेव्हा शेजारच्या छपराचा जाळ तिच्या छपरावर आला. पऱ्हाटीचा कूड तडतडला. ती अजून हाका मारत होती. मग छप्पर खाली बसलं आणि हाक थांबली. मला त्या म्हाताऱ्याने काखेत धरून मागे ओढलं. मी त्याला शिव्या देत होतो.

सून नदीवरून ओल्या लुगड्याने धावत आली. ती रडली नाही. राखेकडे बघत तशीच उभी राहिली.

धूर लांबून दिसला होता. रोज मावळतीला येणारी रांग त्या दिवशी उन्हातच धावत आली. कोष्टी आला तेव्हा आम्ही म्हातारीवर कांबळं घातलं होतं. त्याने कांबळं उचललं नाही. माझ्यापाशी येऊन बसला.

"तुमी इथंच होते ना, बापू?"

"होतो."

"मायनं हाक मारली का?"

त्याची बायको त्याच्या मागे उभी होती. मी म्हणालो, "नाई. धुरानंच गेली बिचारी. झोपेतच."

तो म्हणाला, "बरं झालं, म्हंजे तिले समजलं नाई." मी वर पाहिलं. त्याची बायको माझ्याकडे बघत होती. नदीचा घाट तिथून लांब नाही आणि वारा तिकडेच वाहत होता. तिने म्हातारीच्या हाका ऐकल्या होत्या, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. तिने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी पारावर गाव जमलं, जुने-नवे सगळे. ठरलं की रोज प्रत्येक आळीतून एक धडधाकट माणूस आणि एक बैलजोडी मागे राहील. मारुतीच्या पायांवर हात ठेवून सगळ्यांनी कबूल केलं. आठ-दहा दिवस ते पाळलं. मग एकाचा निरोप आला, आज भाडं मोठं आहे, उद्या राहतो. मग दुसऱ्याचा. मी बाजेवरून जाणाऱ्याला विचारायचो, "आज कोन हाय गावात?" तो म्हणायचा, "कोनी असंन." माझा भाऊही एके दिवशी माझ्याकडे न बघता बैल घेऊन गेला. मी त्याला काय म्हणणार? माझ्या घरात भाकरी त्याच्या गाडीमुळेही येत होती.

महिन्याच्या आत जळालेल्या जागेवर नव्या झोपड्या झाल्या, आधीपेक्षा दाट. कोष्ट्याने आपली झोपडी तिथे घातली नाही. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला. भजनाला यायचा, मृदंग वाजवायचा. मला रामराम करायचा आणि माझ्या पायाची चौकशी करायचा. दर वेळी मला वाटायचं, आता याला खरं सांगावं. मग वाटायचं, सांगून त्याच्या हातात काय देणार? शेवटी सांगितलं नाहीच.

पुढे लढाई संपली, कापसाचा भाव उतरला, आणि ज्या वाटेने लोक आले होते त्याच वाटेने बरेचसे गेले. कोष्टी कुठे गेला हे कोणाला माहीत नाही. जाताना त्याची बायको एकटी आमच्या दारी आली होती. मी तेव्हा काठी टेकत चालत होतो. "निघालो आमी," ती म्हणाली. मी म्हणालो, "सुखानं जा, बाई." ती थोडा वेळ थांबली. मला वाटलं त्या हाकांबद्दल काही बोलेल. पण गाडीवरून नवऱ्याने हाक मारली आणि ती वळून गेली.