आधी राणीची मर्जी

डॉ. सुलभाताई शिरसाठ यांची आणि माझी ओळख माझ्या रागाने सुरू झाली. देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत मी शास्त्र शिकवत असे. लोकांनी हौसेने विकत घेतलेले आणि नंतर नकोसे झालेले परदेशी प्राणी-पक्षी ताई सांभाळतात, तिथे मुलांना ते हाताळताही येतात, असे ऐकून मी सहावीचा वर्ग घेऊन गेले. ताईंनी सगळ्यांना हात धुवायला लावले, जमिनीवर बसवले, तळहात मांडीवर उघडे ठेवायला सांगितले आणि गप्प केले. आम्ही बसलो. हिरवा इग्वाना, म्हणजे घोरपडीएवढा मोठा सरडा, फांदीवरून नुसता बघत राहिला. मोठे कासव भिंतीकडे तोंड करून बसले. एक पांढरा काकाकुवा तेवढा चालत आला, एका मुलीच्या बुटाची नाडी सोडून परत गेला. भेट संपली.

निघताना मी जरा चढ्या आवाजातच विचारले, याला हाताळणे म्हणायचे का? ताईंनी शांतपणे सांगितले की कोणाचा हात लागू द्यायचा हे इथे प्राणी ठरवतात. आले तर आनंद, नाही आले तर पुन्हा या. पुन्हा कोण येतेय, असे मनाशी म्हणत मी निघाले आणि पुढच्याच रविवारी एकटी गेले. आज ताईंच्या याच संस्थेची कार्यवाह म्हणून त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लिहिते आहे, त्यावरून पुढचे समजून घ्यावे.

ताई पशुवैद्यकीय खात्यातून निवृत्त झाल्या. सारी नोकरी नामपूर-सटाण्याकडच्या गाई-बैलांमध्ये गेली. निवृत्तीनंतर निवांत बसतील असे घरच्यांना वाटले होते. पण कोणी बदली झाली म्हणून केविलवाणे तोंड करून पिंजरा आणून ठेवी, कोणी घरात बाळ आले म्हणून, तर कोणी दुकानदाराने हा एवढासाच राहील असे सांगितले होते म्हणून. ताई आणणाऱ्याला कधी टाकून बोलल्या नाहीत. प्राणी ठेवून घेत आणि चहा पाजून पाठवत. नियमांच्या बाबतीत मात्र त्या सख्ख्या भावाचेही ऐकत नाहीत. प्रत्येक प्राण्याला लपायला जागा हवी, तो आत गेला की भेट संपली, आणि त्याला बाहेर काढायला खाऊची लालूच दाखवायची नाही.

राणी ही निळ्या-पिवळ्या पिसांची मकाव, म्हणजे लांब शेपटीचा, कोंबडीपेक्षाही लांब दिसणारा भला मोठा पोपट. एका हॉटेलच्या दारात गिऱ्हाइकांच्या खांद्यावर बसून फोटो काढून घेणे हेच तिचे काम होते. आली तेव्हा तिने स्वतःच्या छातीची पिसे उपटून टाकली होती. ताई रोज सकाळी तिच्याजवळ बसून मोठ्याने पेपर वाचत. हात आत घालत नसत. पिसे हळूहळू भरली. एके दिवशी ती आपणहून ताईंच्या मनगटावर येऊन बसली. ताईंनी वाचन थांबवले नाही, फक्त पान न उलटता तीच बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

आमची जागा तेव्हा एका सद्गृहस्थांनी विनामोबदला दिलेली होती. त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाला ते पाहुण्यांसह आले आणि राणीला नातवाच्या खांद्यावर बसवा म्हणाले. राणी तिच्या लपायच्या खोक्यात शिरली होती. ताईंनी नम्रपणे नकार दिला. मालकांनी सर्वांदेखत जागा रिकामी करायला सांगितली.

बैठकीत आम्ही सगळ्यांनी ताईंना समजावले. एका फोटोने काय बिघडते, डोक्यावरचे छप्पर आधी पाहावे. ताईंनी सगळ्यांचे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "छप्पर आपण शोधू. पण एकदा तिला ओढून बाहेर काढलं, तर ती पुन्हा कोणाच्या भरवशावर बाहेर येईल?" दुसऱ्या दिवसापासून आम्ही जागा शोधायला लागलो.

सायखेड्याच्या भिकानानांची पोल्ट्रीची शेड रिकामी होती. त्यांच्या बैलावर ताईंनी कधीकाळी उपचार केले होते. नाना म्हणाले, "ताई, शेड मोकळीच हाय. दिवे बी हायेत पिल्लांचे. आना तुमची मंडळी." ऐन थंडीत इग्वाना आणि कासवे त्या दिव्यांच्या उबेत राहिली. पक्ष्यांना मात्र ताईंनी लगेच येऊ दिले नाही. कोंबड्यांचा रोग मागे राहिलेला असू शकतो, म्हणून शेडचा दुसरा भाग धुऊन, चुना मारून काही आठवडे मोकळा ठेवायला लावला. तोवर राणी आणि काकाकुवे ताईंच्या घरी राहिले. निजायची खोली त्यांची, आणि ताई स्वयंपाकघरात. त्या वयात गार फरशीवर गादी टाकून झोपणाऱ्या या बाईंचा मला अभिमान वाटला, आणि त्याहून जास्त राग आला.

यंदा सत्काराचे विचारायला आम्ही गेलो, तेव्हा ताईंनी अट घातली. "मकाव माणसाइतकी जगते. माझं वय झालं. माझ्यामागे राणीसमोर कोण बसणार ते आधी दाखवा, मग शाल आणा." आम्ही सगळे हो हो म्हणालो. ताईंना आमचा होकार नको होता, राणीचा हवा होता. त्या दिवसापासून नानांची सून मनीषा आणि मी आळीपाळीने पेपर घेऊन बसू लागलो. राणी आमच्याकडे पाठ फिरवून बसे. पावसाळा सरला तरी तेच. सत्काराची तारीख ठरेना. आपल्याच्याने हे होणार नाही, असे मला खरोखर वाटू लागले होते.

मग एका सकाळी मनीषा कांद्याचे भाव वाचत होती आणि राणी खोक्यातून उतरून तिच्या तळहातावर चढली. मनीषा डोळे पुसायलाही हलली नाही, वाचतच राहिली. जाळीबाहेर ताई उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "आता करा तुमचा सत्कार."

ताई, शंभरी पार करा. तुमचे गुडघे धड राहोत, जमिनीवर बसता-उठता येवो, डोळ्यांना पेपरची अक्षरे नीट दिसोत. राणीची काळजी तुमच्यावरून उतरली, म्हणून जायची परवानगी मिळाली असे समजू नका. तुमची जागा चालवायला आम्ही तयार आहोत, पण तिथे तुम्हीच बसलेल्या हव्या आहात.