मामाचा गळा आणि नवी आवृत्ती

ज्या माणसानं ती ओळ लिहिली, तो मला एकदा जाफराबादच्या बसस्टँडवर भेटायला पाहिजे. मी त्याला हात लावणार नाही. फक्त आमच्या मामीसमोर उभा करणार आणि आपण बाजूला होणार. त्यानंतर जे काही उरेल ते त्याच्या देशात परत पाठवायला एक साधं पाकीट पुरेल, वरून तिकीटही कमी लागेल.

ओळ तशी मऊ होती. कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स नावाची एक फुकट प्रणाली असते, तिच्यातल्या एका लाइव्ह प्रकाराची नवी आवृत्ती आली होती. लाइव्ह म्हणजे काय, तर कॉम्प्युटर आतून मेलेला असला तरी ती सीडी घातली की तो तिच्या जिवावर उठून बसतो. त्याच्या पोटातल्या सामानाला धक्का लागत नाही आणि आपल्याला ते खिडकीतून काढावं तसं बाहेर काढून घेता येतं. जाफराबादला माझं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे, आणि या सीडीच्या बळावर मी आजवर इतके मुडदे उठवलेत की यमाच्या दप्तरात माझ्या नावानं वेगळी तक्रारपेटी असणार. तर त्या नव्या आवृत्तीच्या स्वागताच्या मजकुरात, नवे रंग, नवी चित्रं, नवी बटणं, सगळ्यांचं कौतुक करून झाल्यावर अगदी खाली लिहिलं होतं, की जुन्या यंत्रांवर ही चालणार नाही, कारण एवढी जुनी यंत्रं आता कोण वापरतं?

कोण वापरतं! अरे बाबा, आमचा अख्खा तालुका वापरतो. आमच्याकडचा कॉम्प्युटर जिथं कुठं जन्मतो तिथं म्हातारा होतो, मग मोठ्या शहरात निवृत्त होतो, आणि त्यानंतर आमच्याकडे नोकरीला लागतो. माझ्या दुकानातल्या एका कॉम्प्युटरच्या पंख्यामागं चिमण्यांच्या चार पिढ्या नांदल्या आणि त्यातल्या शेवटच्या पिढीला टायपिंग येत होतं. पण माझ्या दुकानाचं मरू दे. प्रश्न मामाच्या गळ्याचा होता.

माझा मामा अलाउन्सवाला. रिक्षावर भोंगा बांधून गावोगाव पुकारा करायचा हा त्याचा धंदा: साड्यांचा सेल, जनावरांचा बाजार, दाताचा डॉक्टर, सर्कस, बियाणं, काहीही. मामानं जाफराबादला ‘हॅलो’ म्हटलं की हसनाबादची माणसं ‘बोला’ म्हणायची आणि मधल्या गावांतल्या म्हशी दूध आत ओढून घ्यायच्या. यात मी एक अक्षर वाढवलेलं नाही, म्हशींना विचारा.

तो गळा एका वर्षी बसला तो उठलाच नाही. गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मामा दवाखान्यातून घरी न जाता थेट माझ्या दुकानात आला. ‘भाच्या, माईक लाव,’ म्हणाला. ऑपरेशनच्या दिवसापर्यंत तो माझ्या मागच्या खोलीत बसून बोलत राहिला. लांब वाक्यं नाही, सुटे शब्द आणि पुकाऱ्यातले ठरलेले तुकडे. सगळ्या गावांची नावं. सगळे वार. साडी, सोयाबीन, सरकी, सायकल. भव्य, अतिभव्य, महाभव्य. आजच या, उद्या या, सहकुटुंब या. घोगऱ्या, फाटक्या गळ्यानं, पण आवाज मामाचाच. मी एकेक शब्द वेगळा कापून त्याच्या कॉम्प्युटरात ठेवला. ऑपरेशननंतर मामा घरी बसून माऊसनं ते शब्द जोडायचा आणि तो जोडलेला पुकारा घेऊन रिक्षा पूर्वीसारखी फिरायची. भोंग्यातला माणूस मुका आहे हे बाजाराला कळलंसुद्धा नाही.

आणि तो घरातही तसाच बोलायचा! मामीनं विचारावं, ‘भाकर थापू का भात टाकू?’ आणि स्पीकरमधून यावं, ‘ग्राहकांच्या आग्रहास्तव... ज्वारी!’ भांडण झालं की मामा एकच शब्दसमूह दाबून धरायचा: ‘शेवटचे दोन दिवस! शेवटचे दोन दिवस!’ त्यावर मामी, ‘कुणाचे? तुमचे का माझे?’ मी कितीदा म्हटलं, मामा, या सगळ्याची एक नक्कल माझ्याकडे ठेवू द्या. त्यानं शांतपणे माऊस हलवला. ‘आमची कोठेही शाखा नाही.’

मग जानेवारीत मामीचा फोन आला. ‘ये बाबा जल्दी. तुझा मामा पुन्हा मुका झाला.’

शेजारची पिठाची गिरणी एकदम सुरू झाली होती, लाईट खाली-वर नाचली होती, आणि कॉम्प्युटर निळा पडून बसला होता. मी पोचेपर्यंत मामानं तो पोत्यात घालून जीपमध्ये ठेवला होता. निघालो भोकरदनला, एका दुरुस्तीवाल्याकडे. त्यानं बटण दाबलं, निळा पडदा पाहिला आणि मामाकडे न बघताच म्हणाला, ‘फॉरमॅट मारू.’

‘अन् आतलं?’ मी विचारलं.

‘आतलं जाईल. पण कॉम्प्युटर बिलकुल पाखरासारखा पळंल, भाऊ.’

‘आत यांचा आवाज आहे.’

‘गाणे का? गाणे मी टाकून देतो दुसरे. फुकट.’

फॉरमॅट! आमच्याकडे कॉम्प्युटर हळू चालला, फॉरमॅट. आवाज केला, फॉरमॅट. वायर निघालेली असली तरी आधी फॉरमॅट, मग वायर. या माणसाच्या हाती दवाखाना दिला तर सर्दीच्या पेशंटला जाळून राखेला म्हणेल, बघा, आता कसे नवेकोरे झालात. मामानं तोंड उघडलं. ज्या तोंडातून एकेकाळी तीन तालुके हलायचे त्यातून नुसती हवा आली. मग त्यानं दुरुस्तीवाल्याची कॉलर धरली. मी ती सोडवली, पण सावकाश सोडवली. मला काही घाई नव्हती.

हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडावी म्हटलं, तर तिची ती रुंद पट्टीची केबल घेणारं यंत्र मला कुठं सापडेना. म्हणून म्हटलं, लाइव्ह सीडी. आणि नवी आवृत्ती आलीच आहे तर नवीच घेऊ, ताजा माल. ती अगदी खालची ओळ मी वाचली ती नंतर. गच्चीवर जाऊन, मोबाईल आकाशाला दाखवत ती उतरवून घेतली. आमच्याकडच्या रेंजमध्ये एवढं उतरवायचं म्हणजे वाळलेल्या विहिरीतून चमच्यानं पाणी काढणं. वर ती इतकी सुजलेली, की सीडीत मावेना. डीव्हीडी आणली. मामाच्या घरी कॉम्प्युटर मांडला, डीव्हीडी घातली. मामा, मामी आणि मी, तिघं पडद्याकडे बघत उभे. मामीनं पडद्याला हळदकुंकू लावलं.

एक इंग्रजी ओळ उमटली. तुमच्या यंत्राचा मेंदू या कामाच्या लायकीचा नाही, अशा अर्थाची. बस्स. खाली नुसती एक रेघ लुकलुकत राहिली.

‘काय म्हंतंय?’ मामीनं विचारलं.

‘म्हणतंय, कॉम्प्युटर जुना आहे.’

‘मंग? मी बी जुनी हाये. मला बी बंद करतंय का?’

मामीचं हे बोलणं मला अजून झोंबतं, कारण उत्तर देणारा माणूस समुद्रापलीकडे बसला होता आणि सापडला मी. मामा भिंतीकडे तोंड करून खाटेवर आडवा झाला. मामी म्हणाली, ‘डॉक्टरनं गळा कापला तवा मी रडले न्हाई. म्हटलं, माणूस तर हाये. आता हे माणूस हाये अन् घरात कुणीच न्हाई, असं झालंय.’

मी पेटून दुकानात आलो. त्याच मंडळींची जुनी आवृत्ती शोधली, तर साइटवरून काढून टाकलेली. दुसऱ्या मंडळींच्या दारात गेलो, तिथंही तीच पाटी. जगातल्या सगळ्या शहाण्यांनी मिळून ठरवलेलं, की मामानं गप्प बसावं! मग आठवलं. पूर्वी एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट आलेली याच लिनक्सची छापील सीडी माझ्याकडे होती. वर पेंग्विनचं चित्र. कितीतरी वर्षं तीच वापरली होती. कपाट उघडलं, तर सीड्यांचा अख्खा कप्पा झाडून रिकामा.

‘त्या तर जाऊबाईनं नेल्या,’ बायको म्हणाली. ‘दिवाळीच्या सफाईला. तुम्हीच हो म्हणला होता.’

मी हो म्हणालो नव्हतो. मी ‘हं’ म्हणालो होतो, आणि तेही पेपर वाचताना. पण आमच्याकडे ज्वारी दाण्यावर आली की कुणाच्याही घरातली सीडी सुरक्षित नसते. दोरा ओवायचा, काठीला टांगायची, वाऱ्यानं फिरली की उन्हाचा झोत फिरतो आणि पाखरं पळतात. आमच्या जिल्ह्यातली निम्मी लग्नं आज शेतात उलटी टांगलेली आहेत.

गाडी काढली आणि पिंपळगाव रेणुकाईला दादाच्या शेतावर गेलो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो बांधावर हुरडा भाजत होता आणि वहिनी कणसं चोळत होती. समोर ज्वारीवर एवढ्या सीड्या चमकत होत्या की वरून जाणारं विमान धावपट्टी समजून उतरलं असतं.

‘दादा, माझ्या सीड्या!’

‘तुझ्या कशाच्या? राखण करून राह्यल्यात त्या आता. आधी हुरडा खा.’

‘मामाचा जीव टांगलाय तिथं, अन् हुरडा खा? पेंग्विनची कुठंय?’

‘कशाची?’

‘काळं पाखरू. पांढऱ्या पोटाचं.’

‘कावळ्याची व्हय?’ दादाचा चेहरा उजळला. ‘ती न्हाई भेटायची. लई कामाची हाये ती. राघू दुसऱ्या सीडीवर बसून झोके घेतात, पण त्या कावळ्याच्या जवळ फिरकत न्हाईत.’

‘दादा, तो कावळा नाही!’

‘राघूला म्हाइत हाये का ते?’

मी ओरडलो. दादा माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडला. चार शेतांपलीकडचे लोक काम सोडून बांधावर आले. कुणीतरी विचारलं, वाटणीचं भांडण आहे का? मी म्हटलं, हो, कावळ्याची वाटणी. शेवटी वहिनी म्हणाली, ‘भावजी, घेऊन जा, पण त्या जागी दुसरी द्या. कोपरा उघडा न्हाई पडला पाहिजे.’

माझ्या पिशवीत नवी आवृत्ती होती. नवे रंग, नवी चित्रं, नवी बटणं. मी स्वतःच्या हातानं तिच्यात दोरा ओवला आणि ती कोपऱ्यातल्या काठीला टांगली. वाऱ्यानं गर्रकन फिरली. वहिनी कौतुकानं म्हणाली, ‘ही जास्त चमकती, नाही का?’ कुठलंही जुनं यंत्र नसलेल्या त्या रानात ती पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडत होती. तेवढंही तिचं स्वागत करणाऱ्यांना कळवावं असं मला वाटलं, पण शिव्यांशिवाय मजकूर सुचेना.

पेंग्विनची सीडी काठीवर घासून घासून पार ओरखडली होती. मामाच्या घरी मामीनं ती राखेनं घासायला घेतली, ती मी हिसकावली. टूथपेस्ट लावून बोटानं हळूहळू चोळली, पुसली, कॉम्प्युटरात घातली. उसाच्या चरकात दगड गेल्यासारखा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. मी मनातल्या मनात जगातल्या यच्चयावत लिनक्सवाल्यांना शिव्या देत होतो. त्यांच्यातल्याच कुणीतरी कधीकाळी ही सीडी केली होती हे मला कळत होतं, पण राग कमी करायची माझी तयारी नव्हती. अजूनही नाही. एवढं चांगलं करता येत होतं, तर सोडलं कशाला?

पडदा उजळला. तो जुना, साधा, निळसर पडदा. हार्ड डिस्कचा डबा दिसला. उघडला. आत मामाचे शब्द. त्या जुन्या सीडीला मराठी अक्षरं येत नसल्यानं नावांचे चौकोन चौकोन झाले होते, कोणता शब्द कोणता ते वाचता येत नव्हतं, पण होते. मी आधी सगळे पेन ड्राइव्हवर घेतले. यंत्र एकेक शब्द असा देत होतं, जणू स्वतःच्या खिशातून देतंय. मामा खाटेवर उठून बसला होता. नुसता माझ्या हाताकडे बघत होता.

‘घ्या,’ मी म्हटलं आणि माऊस त्याच्याकडे सरकवला.

चौकोनांत काय आहे ते त्यालाही कळत नव्हतं. तो एकेकावर टिचकी मारू लागला. ‘सरकी!’ ‘मंगळवार!’ ‘अतिभव्य!’ प्रत्येक शब्दाला मामी दचकायची. बऱ्याच वेळानं एकावर टिचकी मारली आणि मामाचा हात थांबला. जत्रेत चुकलेल्या पोरांसाठी तो जो पुकारा करायचा, त्यातला तुकडा होता. त्यानं पुन्हा वाजवला.

‘सापडला आहे. ओळख पटवून घेऊन जावे.’

मामीनं पदर खोचला आणि ती फुटली. ‘घेऊन जावे म्हणं! कोण नेतंय तुम्हाला? इतके दिवस भिंतीकडं तोंड करून बसले, जेवाया आलं न्हाई, चहा घेतला न्हाई, मला काय वाटलं असंल याचा इचार? एक नक्कल ठिवा म्हणून ह्यो भाचा बोंबलत व्हता, तवा शाखा न्हाई म्हणं! आता ठिवा. दहा ठिवा. माझ्या उशीखाली बी एक ठिवा!’

ती थांबायचं नाव घेईना. मामानं घाईघाईनं चौकोन धुंडाळले, मघाशी वाजवून पाहिलेला एक सापडला, आणि आवाज मोठा करून दाबला.

‘सर्व माताभगिनींनी शांतता राखावी!’

‘न्हाई राखत!’ मामी ओरडली. ‘बोला अजून, काय बोलायचं ते!’