मोगरीमार्फत

"डावा की उजवा?"

कल्याणजवळच्या मोहने गावातल्या आमच्या कारखान्याच्या दवाखान्यात पाऊल टाकलं की पहिल्यांदा हा प्रश्न कानावर पडायचा. विचारणाऱ्या आमच्या नर्सबाई, म्हणजे सिस्टर. हातात सिरिंज, डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी आणि चेहऱ्यावर कायमची घाई. पेशंट बिचारा "उजवा... नको नको, डावा" असं पुटपुटेपर्यंत सुई आत जाऊन बाहेर आलेली असायची. मी तिथे कंपाउंडर होतो. एकदा न राहवून विचारलं, "सिस्टर, हे डावं-उजवं कशाला हो? शेवटी तुम्ही जवळ असेल तोच हात धरता."

"भाऊ, माणसाला दोनातलं एक निवडायला लावलं ना, की 'नकोच' म्हणायचं तो विसरतो."

तुमच्याही पाहण्यात अशी एखादी बाई असेल. काहीही ठरवायचं असो, तिचं आधीच ठरलेलं असतं. आमच्या सिस्टर त्यातल्याच. मशीनवर बोट कापून घेऊन आलेला भला मिशाळ फिटर "टाके नको हो" म्हणून गयावया करायचा, तर त्या दोरा ओवता ओवता सांगायच्या, "रडायचं तर खुशाल रड. हात तेवढा हलवू नकोस." संध्याकाळी तोच फिटर पेरू घेऊन यायचा. त्यांच्यावर कुणाचा राग टिकत नसे. एक माणूस सोडून. ते माणूस त्यांच्याच घरात होतं.

पण आधी मोगरी कोण ते सांगतो.

मोगरी म्हणजे पांढरी उंदरीण. सिस्टरांचा भाऊ कल्याणला कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होता. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला प्रत्येक मुलामागे एक उंदीर कापायला द्यायचे. त्या साली एका मुलीला ऐन परीक्षेत गालगुंड झालं, ती आलीच नाही आणि तिच्या वाट्याची उंदरीण शिल्लक राहिली. भावाने ती बुटाच्या खोक्यात घालून बहिणीकडे आणली. "कुणाचे गाल सुजले आणि कुणाचा जीव वाचला बघा," सिस्टर म्हणायच्या.

कॉलनीतल्या सुताराने मोगरीला जाळीचा छान पिंजरा करून दिला होता. त्याचं दार कधी कुणी लावलं नाही. ती दिवसभर सिस्टरांच्या सासूबाईंच्या ओच्यात बसायची. गणपतीत शेजारच्या बायका खास तिला बघायला यायच्या. सिस्टर दारातूनच ओरडायच्या, "बाप्पा तुमच्या घरी आणि गाडी लावली आमच्या दारात! पार्किंगचे मोदक ठेवून जा."

आता राग धरून बसलेलं माणूस. त्या म्हणजे सासूबाई. सिस्टरांचे यजमान रेल्वेत, नोकरी भुसावळला. ते सुट्टी मिळेल तसे यायचे. एरवी घरात दोघीच. मागे कधीतरी म्हातारीला सणकून ताप भरला होता, डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं आणि सिस्टरांनी आपल्या शिरस्त्याप्रमाणे आपणच ठरवून, म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडलेली असताना, न बोलता कमरेत देऊन टाकलं. दुर्दैव असं की त्या जागी गळू धरलं. म्हातारी पंधरा दिवस कुशीवर झोपली आणि उठली ती अबोला धरूनच. "हिच्या हातची सुई नाय आन् हिच्याशी बोलणं नाय." सिस्टरही काही कमी नव्हत्या. "नाही तर नाही," म्हणाल्या.

पण एका छपराखाली अबोला धरायचा तर मध्ये निरोप्या लागतो. आपल्याकडे हे काम पोरांकडे असतं. 'सांग रे तुझ्या आजीला, ताट वाढलंय.' यांच्या घरात पोर नव्हतं. मग ते काम मोगरीकडे आलं.

मी त्यांच्या घरी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला चहा सांडला होता.

"मोगरी, सांग तुझ्या म्हातारीला, प्रेशरची गोळी घ्यायची राहिलीय."

"मोगरी, सांग तुझ्या मालकिणीला, घेतली मी. डोळे फुटले नायत माझे."

"मोगरी, तिला म्हणावं, कालचीच गोळी बशीत पडलीय."

"मोगरी, मालकिणीला म्हणावं, दुसऱ्याच्या बशीत बघू नये!"

मोगरी मधोमध बसून भाकरीचा तुकडा कुरतडत असायची. दोघी तिच्याकडे बघून बोलत. एकमेकींकडे बघायची काय बिशाद! सुट्टीवर आलेल्या यजमानांना मी म्हटलं, "साहेब, तुम्ही समजवा ना." ते म्हणाले, "अहो, उंदरीण आल्यापासून घरात निदान आवाज तरी ऐकू येतो. आधी भांड्यांचाच यायचा."

मोगरी म्हातारी झाली तशी तिच्या पुढच्या पायाजवळ गाठ आली. आधी वाटाण्याएवढी, मग सुपारीएवढी, आणि बघता बघता लिंबाएवढी झाली. उंदराच्या अंगावर लिंबाएवढी गाठ म्हणजे काय, विचार करा. ती चालताना एका बाजूला कलायची. तरी भाकरीचा आवाज आला की लगबगीने यायची.

सिस्टर तिला टोपलीत घालून कल्याणला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांची सगळी हयात तबेल्यातल्या म्हशींमध्ये गेलेली. त्यांनी टोपलीत डोकावून बघितलं आणि हात जोडले. "सिस्टर, माझी सुईच तुमच्या पेशंटपेक्षा लांब आहे."

मग आमच्या दवाखान्याचे डॉक्टर पुढे सरसावले. ते डोंबिवलीहून येत. हाडाचे सर्जन, पण कारखान्यात वाट्याला आला खोकला आणि जुलाब. त्यांनी मोगरीची गाठ दोन बोटांत धरून हलवली आणि त्यांचे डोळेच चमकले. "मोकळी फिरतेय. वरच्यावर आहे. मी काढीन. पण सिस्टर, वय झालंय हिचं. भूल दिल्यावर उठेलच असं मी सांगत नाही. नाही काढली तर गाठ वाढत जाईल. ठरवा तुम्ही."

आणि इथे आमच्या सिस्टरांचं गाडं अडलं.

जन्मात कधी कुणाचा सल्ला न घेतलेली ही बाई जो भेटेल त्याला विचारू लागली. रांगेत उभ्या असलेल्या कामगारांना विचारायची. कुणी म्हणे काढून टाका, कुणी म्हणे उंदीर तो उंदीर, दुसरा आणू. दुसरा आणू म्हणणाऱ्याला त्या दिवशीची सुई जरा जास्तच लागली असावी. नदीवरून मासळी घेऊन येणारी कोळीण मोगरीसाठी चिमूटभर जवळा आणायची, ती म्हणाली, "बाय, खाते ना ती? मंग राहू दे तिला." मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "माझ्या मिक्श्चरने जाणारी गाठ असती तर केव्हाच घालवली असती." एरवी त्यांनी मला झापलं असतं. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या. एक दिवस तर त्यांनी डावा-उजवा न विचारताच इंजेक्शन दिलं. पेशंट घाबरून मला म्हणाला, "भाऊ, बाईंना बरं नाही का?"

मला कळत होतं त्यांचं कुठे अडलंय. उंदरीण टेबलावर गेली असती तर दुःख झालंच असतं, पण त्यानंतर घरी जाऊन बोलायचं कुणामार्फत? आणि म्हातारीने उरलेला जन्म 'हिने माझी मोगरी मारली' म्हणून ऐकवलं असतं. ऐकवलं असतं म्हणजे तरी कुणामार्फत, हाही प्रश्नच.

शेवटी एक रविवार ठरला. दवाखाना बंद असतो म्हणून. सकाळी मी कुलूप काढतोय तर रिक्षातून सिस्टर उतरल्या आणि मागून काठी टेकत सासूबाई. रिक्षात मांडीवर धरलेली मोगरीची टोपली त्यांनी सुनेच्या हातात दिलीच नव्हती.

"मोगरी, सांग तुझ्या म्हातारीला, तिथे स्टुलावर बस म्हणावं."

"मोगरी, सांग मालकिणीला, दिसतंय मला स्टूल."

भूल द्यायला आम्ही कापसाची मोठी काचेची बरणी रिकामी केली होती. मोगरीला आत ठेवलं. ईथरचा बोळा आत टाकून झाकण लावायचं काम माझ्याकडे होतं. मी बोळा भिजवला आणि डॉक्टरांकडे बघितलं.

"सिस्टर, शेवटचं विचारतो," डॉक्टर म्हणाले. "करायचं ना?"

सिस्टर सवयीने बरणीकडे वळल्या. "मोगरी, विचार तुझ्या..." आणि थांबल्या. मोगरी काचेला नाक लावून त्यांच्याकडे बघत होती. हातातल्या बोळ्याच्या वासाने मलाच गरगरायला लागलं होतं.

मग त्या वळल्या आणि स्टुलापाशी खाली बसल्या. "आई, काय करू? मला नाही ठरवता येत."

म्हातारीने सुनेच्या तोंडाकडे बघितलं. सरळ तोंडाकडे.

"आता इचारतेस?" ती म्हणाली. "त्या दिशी सुई टोचायच्या आधी इचारलं असतंस, तर मी काय नाय म्हनले असते? हो म्हनले असते. गळवाचा राग नव्हता गं मला. मी काय गाठोडं हाय, पडलंय तिथं टोचून जायला?"

"चुकलं, आई."

"लोकांना डावा का उजवा इचारतेस म्हने. त्याला इचारनं नाय म्हनत."

सिस्टर रडत होत्या. शेकडो माणसांना रडवलेली बाई हुंदके देऊन रडत होती. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते ईथरचं नव्हतं.

म्हातारीने डॉक्टरांना विचारलं, "तिला दुखतंय का?"

"आत्ता चालताना अडतंय. वाढली की दुखेल."

"मंग काढा. पन धरायची हिनं. हिचा हात हलका हाय."

डॉक्टरांनी गाठ काढली. सिस्टरांनी मोगरीला तळहातावर असं धरलं होतं की जणू ती फुंकरीने उडून जाईल. म्हातारी स्टुलावरून "सांभाळ गं, सांभाळ गं" म्हणत होती आणि सिस्टर "हो आई, हो आई" म्हणत होत्या. मोगरी शुद्धीवर आली, आणि पहिलं काम काय केलं, तर डॉक्टरांचा टाका कुरतडला. डॉक्टर म्हणाले, "पेशंट ठणठणीत आहे."

मोगरीने पुढच्या गणपतीचे मोदक खाल्ले. थंडीत तिला दुसऱ्या बाजूला पुन्हा गाठ आली, तेव्हा मात्र बाहेरच्या कुणाला विचारायची वेळ आली नाही. सिस्टर भांडी घासता घासता म्हणाल्या, "आई, आता नको ना?" म्हातारी म्हणाली, "नको गं. बास झालं तिला." एवढंच. मोगरी म्हातारीच्या ओच्यात, शेगडीच्या उबेला बसल्या बसल्या गेली. तिला गुंडाळायचं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात की स्वच्छ गॉजमध्ये, यावर दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. समोरासमोर! मी कुदळ घेऊन उभा होतो, तरी मला वाद मिटेपर्यंत थांबावंच लागलं. अखेर लुगडंही झालं आणि गॉजही झालं.

पुढे सिस्टरांनी नोकरी सोडली आणि त्या भुसावळला यजमानांच्या क्वार्टरमध्ये राहायला निघाल्या. सामान टेम्पोत चढवायला आम्ही सगळे होतो. तो मिशाळ फिटरही होता, डोळे पुसत होता. टेम्पोच्या पुढच्या सीटवर सासूबाईंना बसवलं. मागे सामानात, गाद्यांवर, सिस्टर बसल्या. "जयभीम, भाऊ, मिक्श्चरात पाणी कमी घाला आता," मला म्हणाल्या.

टेम्पो सुरू झाला तशी म्हातारी खिडकीतून अर्धी बाहेर आली. "अगं, नीट बसलीस का? पिंप धर! ते पिंप पडेल!"

मागून आवाज, "धरलंय हो आई!"

"काय?"

"धरलंय!"

इंजिनाच्या घरघरीत दोघींना एकमेकींचं काही ऐकू जाईना. ड्रायव्हर भला माणूस. तो म्हणाला, "आजी, तुम्ही आत बसा. काय सांगायचंय ते मला सांगा, मी त्यांना सांगतो."

"तू गाडी चालव," म्हातारी म्हणाली. "माझं मी सांगते तिला."