एकाला गार, एकाला ऊब

आमच्या समोरच्या आन्टी थर्मामीटर कधी बघायच्या नाहीत. लहान मुलाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं कोपर टाकीत बुडवायच्या आणि म्हणायच्या, "वाट लागली. आज पण चहा झालाय."

तुमच्याही शेजारी काचेची माशांची टाकी असलेलं एखादं घर असेल. बाहेरून बघायला फार छान वाटतं. मीही बाहेरूनच बघायचे.

मरोळच्या आमच्या बिल्डिंगमधली ही टाकी खरं तर अंकलची. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती हौसेनं लावली. खाली माती, वर बारीक वाळू, त्यात गवतासारख्या पाणवनस्पती आणि त्यांतून फिरणारे लाल-निळे इवले मासे. आन्टी टाकीला 'माझी सवत' म्हणायच्या.

मग अंकलना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पलंग टाकीसमोर आणला, कारण दिवसभर ते तिकडेच बघत. ज्याला सगळं ठाऊक होतं त्याला बोलता येईना, आणि जिला करायचं होतं तिला काही ठाऊक नव्हतं.

पहिल्याच उन्हाळ्यात पाणी तापलं तेव्हा आन्टींनी ट्रेभर बर्फ सरळ टाकीत ओतला. अंकल घशातून असे ओरडले की मी धावत गेले.

"बघ ना गं, काय म्हणतो हा? मला कळत नाही!"

माशांच्या दुकानात विचारलं तेव्हा कळलं, पाणी एकदम गार झालं तरी मासे मरतात, तापमान हळूहळू उतरवायचं. मग बंद बाटल्यांत बर्फ करून त्या टाकीत तरंगत ठेवायच्या, टाकीचं झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावायचा, टाकीवरचा दिवा कमी वेळ ठेवायचा, असं सगळं सुरू झालं. फ्रीझर बाटल्यांनी भरला. "जिवंत माशांसाठी मेलेल्यांना घराबाहेर काढलं," असं म्हणत आन्टींनी बोंबील आणणं बंद केलं.

एसी लावला की पाणी छान राहायचं, पण अंकलची छाती कफानं भरायची. डॉक्टरांनी एसीला मनाई केली. "एकाला गार पाहिजे, एकाला ऊब. मी कुणाचं ऐकू?" हे त्या मला विचारायच्या, दूधवाल्याला विचारायच्या, भिंतीवरच्या मदर मेरीलाही विचारायच्या.

गेल्या मे महिन्यात गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळला. सकाळीच वीज गेली. पंखा बंद, टाकीत हवा सोडणारा पंप बंद. दुपारपर्यंत मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. आम्ही घराघरांतून बर्फ गोळा केला. आन्टी मगानं पाणी उचलून वरून धार सोडत होत्या, त्यात हवा मिसळावी म्हणून. तरी एकेक मासा आडवा होत गेला. आधीच मऊ पडलेली पानं हाताला लागून तुटत होती.

अंकलनी डावा हात उचलला.

"काय पाहिजे? बर्फ? पडदा लावू?"

हात तसाच हलत राहिला. आम्ही काय काय विचारलं. शेवटी मी म्हटलं, "आन्टी, तुम्ही बसा ना जरा."

त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या. अंकलनी त्याच हातानं त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. घाम पुसून झाला तरी हात खाली घेतला नाही. आन्टी हुंदके देऊन रडल्या. टाकीकडे मग कुणी गेलं नाही.

पावसाळ्यात अंकल गेले, आणि आन्टी वसईला मुलीकडे राहायला गेल्या. समोरच्या दाराला आता कुलूप असतं.

मला आठवतो तो वीज आल्यानंतरचा दुसरा दिवस. मी डबा द्यायला गेले. टाकी रिकामी केली होती, तरी अंकलची नजर तिथेच होती. आन्टींनी खुर्ची ओढून बरोबर टाकीच्या पुढ्यात मांडली होती आणि तिच्यात बसून त्या लसूण सोलत होत्या.

"इथे कशाला बसलात?" मी विचारलं.

"मग?" त्या म्हणाल्या. "आता त्याला माझ्याकडेच बघायला लागणार ना."