उसनी जोडवी

मला लिहिण्याचा सराव नाही. तरीही धाडस करीत आहे, वाचकांनी क्षमा करावी. नांदगाव पेठच्या ज्या दवाखान्यात मी रक्तदाब तपासायला जाते, तेथील नर्सबाईंविषयी हे आहे. त्यांचे बोलणे तोडून टाकल्यासारखे असते, हात मात्र मऊ आहेत.

तेथील डॉक्टर आधी मुलीच्या पायांकडे पाहतात. जोडवी नसतील, तर लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांची तपासणी ते लिहून देत नाहीत. अविवाहितेला तसे विचारणेच त्यांना अशोभनीय वाटते. म्हणून गिरणीत काम करणारी एखादी मुलगी घाबरून एकटीच आली, की बाई स्वतःची जोडवी काढून तिच्या बोटांत घालतात.

"घाल वं. माह्या नवऱ्याले सांगू नको फक्त. अन् दरसाल येत जा. हा आजार दुखत नाही, आतून पोखरते."

अशीच उसनी जोडवी घालून तपासून गेलेली एक मुलगी पुढल्या वर्षी पुन्हा आली, पण सोबत आई होती. बाईंनी तपासणीचे नाव काढताच आई कडाडली, "पोरीचं लगन व्हाचं हाय माह्या! तिले काहून तपासता?"

बाईंचा हात जोडव्यांपर्यंत गेला आणि परत आला. मुलगी तशीच गेली.

परवा ती स्वतःची जोडवी घालून आली होती. मूल होत नाही. आतून पोखरणाऱ्या त्याच आजाराने गर्भनलिका बंद झाल्या आहेत. आता डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या लिहून दिल्या होत्या; त्यांतच हे कळले. बाई तिच्या पायांकडे पाहत राहिल्या.

तुमच्या घरातील अविवाहित मुलीला दरवर्षी या तपासणीसाठी तुम्ही स्वतः घेऊन जाल का?