गौरीसाठी घरचा निशिगंध

माझ्या हातची कोरफडसुद्धा आठ दिवसांत मान टाकते. तरी त्या उन्हाळ्यात जेवता जेवता मी बोलून गेलो, "यंदा गौरीला विकतची फुलं नकोत. दारातला निशिगंध वाहायचा."

तव्यावरची भाकरी उलटत बायको म्हणाली, "आणि न्हाय आला तर?"

"तर दारातली पट्टी तुझी. खुशाल मिरच्या लाव."

त्या पट्टीवर तिचा दहा वर्षं डोळा होता. ती नुसती हसली.

गडमुडशिंगीच्या मित्रानं पिशवीभर कंद दिले. "लेका, हे मरायचं म्हटलं तरी मरत न्हाईत. आठ दिस सावलीत वाळव आन् लाव." मी पिशवी गच्चीवर पत्र्याखाली ठेवली. तिथंच बायकोच्या वर्षाच्या कांदा-लसूण चटणीचे बारके कांदे पडलेले, तसल्याच पिशवीत. आठ दिवसांनी मी पिशवी उचलली, पट्टीत दोरी धरून ओळी पाडल्या आणि चष्मा न लावता लागण उरकली. चष्मा चिखलानं खराब होतो ना!

आठवड्यात हिरवे कोंब वर आले. मग काय, फाटकाशी कुणीही थांबलं की मी सुरू. "निशिगंध! कंद जातिवंत पाहिजे, आणि हातात माया पाहिजे." लोक माना डोलवायचे. आता कळतं, ते हसू दाबत होते.

आषाढात शेजारचे आण्णा आले. जुने पैलवान, बोलणं रोखठोक. त्यांनी एक पात मोडली, हुंगली आणि माझ्या नाकाशी धरली.

"सायेब, गौरीला ह्याची भजी करून घालताय व्हय?"

पात आतून पोकळ होती. वासाबद्दल शंकाच नको. आणि मग दुसरंच ध्यानात आलं. पट्टीत कांदे, तर चटणी कुटायच्या डंकावर काय कुटलं? गेले दोन महिने मी भाकरीवर तेल-चटणी घेऊन खातोय ते काय?

स्वयंपाकघरात धावलो. बायको शांतपणे शेंगा सोलत होती.

"पहिला चिरला तवाच कळलं की! डोळ्यात टिपूस न्हाय आलं. दुसरे कांदे आणून चटणी केली."

"मग मला सांगायचं नाही?"

"अहो, दिवसातनं चारदा पाणी घालत हुता. माझ्या कांद्याला एवढ्या मायेनं कुणी बघितलं न्हवतं. म्हटलं, बघू द्या."

"आणि कंद?"

तिनं हनुवटीनं वर गच्चीकडं दाखवलं. टाकीमागं, कान तुटलेल्या जुन्या टबात, हिरवीगार गर्दी उभी होती. ना ओळी, ना दोरी. आठवण झाली तर धुण्याचं पाणी, एवढंच कौतुक.

गौरी आल्या त्या सकाळी टबात सात पांढऱ्या छड्या उमलल्या होत्या. हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "घरचा निशिगंध? कुणी लावला?"

मी तोंड उघडलं आणि बायकोकडं पाहून मिटलं.

"कंद ह्यांनीच आणलंवतं," ती म्हणाली. बस्स, एवढंच. मी ताठ झालो.

विसर्जनानंतर तिनं माझ्या हातात खुरपं दिलं. दारातला निशिगंध म्हणालो होतो, गच्चीवरचा नव्हे. पट्टी गेली. मिरचीच्या ओळी मात्र मीच पाडल्या. या खेपेला चष्मा लावून, आणि प्रत्येक रोप तिला दाखवून.